पहिली फुल मॅरेथॉन आणि ‘आज नको’ची सकाळ

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटर पळायचं मनावर घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. वेळापत्रक देणारे पुष्कळ भेटतात. ते वेळापत्रक ऑक्टोबरात कपाटावर का जाऊन पडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. नव्या मंडळींबरोबर पळताना दरवर्षी तोच प्रकार दिसतो. गणपतीपर्यंत सगळे हजर, दसऱ्याला निम्मे, आणि दिवाळीनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसत्या शुभेच्छा. विचारलं की उत्तर ठरलेलं, “आळस हो, दुसरं काय!”

मला हे पटत नाही. पहाटे साडेचारला उठायची तयारी असलेला माणूस दोन महिन्यांत एकाएकी आळशी कसा होईल? झोप पुरत नसते, पळण्याचा वेग झेपण्यापेक्षा जास्त असतो, खाणं कमी पडत असतं, नाहीतर घरात धुसफूस चाललेली असते. अंग नको म्हणत असतं आणि खापर मनावर फुटतं. म्हणून इथे जोश चढवणारी वाक्यं नाहीत. मन कधी आणि कशामुळे उडतं, आणि तेव्हा काय करायचं, तेवढं सांगतो.

फी भरण्याआधी

वर्षभर नियमित पळणं झालेलं असावं, एखाद-दोन हाफ (अर्ध्या, २१ किलोमीटरच्या मॅरेथॉन) झालेल्या असाव्यात आणि आठवड्याला २५-३० किलोमीटर विनातक्रार होत असावेत. हे नसेल तर यंदा हाफ पळा. पायाच कच्चा असेल तर डिसेंबरातले आठवडे नुसती शिक्षा होऊन बसतात.

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय सुरुवात नको. त्याच भेटीत रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी-३. फेरिटिन आवर्जून, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये आणि शाकाहारी मंडळींमध्ये हे सर्रास आढळतं. “पळायला मनच होत नाही” असं महिनोन्‌महिने म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं मन ठणठणीत असतं, लोह तेवढं कमी असतं. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

आणि पहिल्या खेपेला लक्ष्य एकच ठेवा, धडधाकट पोहोचायचं. चार तास, साडेचार तास असले आकडे आत्ताच जाहीर करू नका. ते ऑक्टोबरात कसे अंगावर येतात ते पुढे सांगतो.

घरात आधी बोलून घ्या

ही पायरी कुठल्याच वेळापत्रकात नसते आणि सगळ्यात जास्त गळती इथूनच होते. आठवड्यात चार दिवस पहाटे गजर, शनिवारी रात्री साडेनऊला दिवे बंद, रविवारी सकाळी तीन-चार तास गायब आणि परत आल्यावर दुपारभर आडवं पडणं. हे सहा महिने चालणार असेल तर घरच्यांना आधी कळायला हवं. लग्नं, बारसं, मुलांच्या परीक्षा, सासरच्या गणपतीला गावी जाणं, सगळं कॅलेंडरवर मांडा आणि मोठे रविवार त्यांच्या मध्ये बसवा. “रविवारी अकरानंतरचा दिवस घरचा, तेव्हा मी झोपणार नाही,” असं कबूल केलंत तर ते पाळा. घरून रोज तोंड वाकडं होत असेल, तर गजर बंद करायला हात आपोआप जातो.

ज्यांना साडेपाचला डबे करायला ओट्याशी उभं राहावं लागतं, त्यांनी पुरुषांसाठी आखलेलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून स्वतःला दोष देत बसू नये. एक तर डब्यांची वाटणी करून घ्या, ते सगळ्यात उत्तम. ते जमेपर्यंत मधल्या वारी चाळीस मिनिटं संध्याकाळी आणि मोठं पळणं रविवारी, एवढ्यावरही फुल होते. अंधारात एकटीनं निघू नका. दोघीतिघी जमवा, रस्ता ठरलेला ठेवा आणि परतायची वेळ घरी सांगून निघा.

वेग कमी करा, अजून कमी करा

नवखे लोक रोज थोडं जास्तच जोरात पळतात. मोबाइलवर पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटं, दिसतो, ग्रुपमधल्या कुणीतरी आपल्यापेक्षा चांगला टाकलेला असतो, मग साधं आठ किलोमीटरचं पळणंही शर्यत होऊन बसतं. असे तीन-चार आठवडे गेले की पाय कायम जड, झोप तुटक, चिडचिड आणि बूट बघूनच नको वाटणं. याला लोक कंटाळा म्हणतात.

कसोटी सोपी आहे. इझी रनमध्ये, म्हणजे रोजच्या सावकाश पळण्यात, शेजारच्याला अख्खी गोष्ट सांगता आली पाहिजे, मध्ये धाप न लागता. दोन-दोन शब्दांत बोलावं लागत असेल तर वेग जास्त आहे. हाफ अडीच तासांत केलेल्या माणसाचा शर्यतीतला पेस किलोमीटरला सात मिनिटांच्या जरा वर येतो. त्यानं रोजचं पळणं आठ-सव्वाआठ मिनिटांनी केलं तर बरोबर. हे लाजिरवाणं हळू वाटतं. सोसायटीच्या गेटवरचे काका “अहो, चालतच जा की!” म्हणतील. म्हणू द्या.

आठवड्यातून एकच दिवस जोर लावायचा, चढावर किंवा टेम्पो, म्हणजे झेपेल अशा पण नेटाच्या सलग वेगानं. बाकीचे सगळे इझी. मध्ये मध्ये ठरवून चालणंही चालतं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी थोडं पळा, थोडं चाला ही पद्धत जगभर रुजवली आणि तिच्यावर असंख्य लोकांनी मॅरेथॉन पुरी केली आहे. चार मिनिटं पळून एक मिनिट चालायचं, पण दम लागण्याआधीपासून, पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालणं आणि ठरवून चालणं यांत मनाच्या दृष्टीनं फार फरक पडतो.

सकाळी निर्णय घ्यायचाच नाही

पहाटे साडेचारला कुणाशीही वाद घालू नये, स्वतःशी तर नाहीच. त्यामुळे जाऊ की नको हा प्रश्न आदल्या रात्रीच मिटवायचा. कपडे खुर्चीवर, त्यात आतले मोजेही. बुटांच्या नाड्या सोडलेल्या. घड्याळ चार्जिंगला. बाटली भरून ओट्यावर, शेजारी केळं किंवा दोन खजूर. कुठल्या रस्त्यानं आणि किती, हे ग्रुपवर टाकून झोपायचं: “उद्या ५.१५, पाण्याच्या टाकीपाशी, ८ किमी.” कुणीतरी तिथे उभं असणार म्हटलं की पांघरूण फेकलं जातं. अख्खा ग्रुप हवाच असं नाही, आपल्याच चालीचा एक माणूस पुरतो. फक्त तो आपल्यापेक्षा फार वेगवान नको, नाहीतर वेगाची दुखणी परत सुरू.

तरी अगदीच नको वाटलं तर? बूट घालून दहा मिनिटं पळा. दहा मिनिटांनंतरही नकोच वाटत असेल तर गुपचूप घरी या आणि झोपा. बहुतेक दिवशी पाचव्या-सहाव्या मिनिटाला अंग मोकळं होतं. ज्या दिवशी होत नाही, त्या दिवशी खरंच काहीतरी बिनसलेलं असतं. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर ही दहा मिनिटंही नकोत.

संध्याकाळी पळणाऱ्यांसाठी एक उपयोगी माहिती. २००९ साली संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काही जणांना दीड तास डोक्याला ताण देणारं काम दिलं आणि मग थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. हृदय आणि स्नायू नेहमीसारखेच चालत होते, तरी ते एरवीपेक्षा लवकर थांबले, कारण तेवढेच श्रम त्यांना जास्त वाटत होते. दिवसभर एक्सेल शीट आणि मीटिंगा करून सातला बाहेर पडलात आणि तोच पेस जड वाटला, तर तयारी बिघडली असं समजू नका. त्या दिवशी घड्याळ घरी ठेवा.

तीन रकान्यांची वही

ॲप काय वाटेल ते मोजू दे. शेजारी एक शंभर पानी वही ठेवा. किलोमीटरच्या पुढे फक्त तीन रकाने: झोप, पाय, मन. नोंद एका ओळीची.

“मंगळ. ८. झोप साडेपाच. पाय जड. मन: नको.”
“गुरु. ६, चढ. झोप सात. पाय बरे. मन: ठीक.”
“रवि. १८. झोप सव्वासात. पाय मस्त. मन: अजून दोन गेलो असतो.”

महिन्याभरानं मागची पानं चाळा. “नको” कुठे कुठे आलंय ते बघा आणि त्याच ओळीतली झोप बघा. बहुतेकांना तिथेच उत्तर सापडतं. कुणाचं “नको” नेमकं चढाच्या दुसऱ्या दिवशी येतं, कुणाचं उपवासाच्या. उठल्याउठल्या नाडी मोजायची सवय असेल तर तीही लिहा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, तेही सलग तीन-चार दिवस, म्हणजे अंगाला विश्रांती हवी आहे. असं दिसलं की दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या, अपराधी न वाटता. बायकांनी पाळीच्या तारखाही इथेच लिहाव्यात. मेहनत वाढल्यावर पाळी लांबायला किंवा बंद व्हायला लागली तर खाणं कमी पडतंय, सरळ डॉक्टरांकडे जा.

महिन्यामहिन्यांचं नको

*पावसात* उत्साह नवा असतो, त्यामुळे मनाला धोका कमी. त्रास होतो तो ओल्या बुटांचा. दोन जोड आळीपाळीनं वापरा. भिजलेल्या बुटातलं इनसोल काढून वेगळं वाळवा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा, अगदी बोटांच्या टोकापर्यंत. तासाभरानं बोळे ओलेचिंब होतात, ते काढून नवे घाला. दुसऱ्या फेरीनंतर पंख्याखाली ठेवलेला बूट सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, सोल उलतं. मांड्या, काखा, आणि पुरुषांनी छातीवर, व्हॅसलिन लावून निघा. एकदा घासून सोललं की पुढचे तीन दिवस मनाचं काही चालत नाही. डबक्यात पाय टाकू नका, खाली खड्डा किती खोल आहे ते कळत नाही.

*ऑक्टोबर* हा खरा घातकी महिना. दोन-अडीच महिने घाम गाळलेला असतो आणि पेस सुधारायचा सोडून घसरतो. दहा किलोमीटरला ऑगस्टात लागला त्याहून पाच मिनिटं जास्त, आणि नाडी वर. फुगा फुटतो तो इथे. कारण अगदी साधं आहे. ऊन-दमटपणात अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, मग तेवढ्याच वेगाला हृदयाला जास्त धावपळ करावी लागते. तुम्ही मागे पडलेला नाही, हवा बदलली आहे. या महिन्यात घड्याळावर पेस दिसणारा पडदाच बदला, फक्त वेळ ठेवा. “आज ७० मिनिटं इझी,” बस. लवकर निघा, घरून पाणी घेऊन निघा, घाम फार येणाऱ्यांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या. ओआरएसचं पाकीट ज्या मापात लिहिलंय त्याच मापात, मोठ्या पाकिटाला बहुधा एक लिटर. अंदाजानं घट्ट करू नका. पुण्या-नाशिकचे लोक डिसेंबरच्या थंडीत एकदम वेगवान होतात आणि मग हाच पेस मुंबईत मिळेल असं धरून चालतात. मुंबईची जानेवारीतली सकाळ त्या मानानं दमट असते आणि नऊनंतर ऊन लागतं, हे लक्षात असू द्या.

*दिवाळीचा* आठवडा ठरवून हलका ठेवा. नाहीतरी दर चौथा आठवडा कमी करायचाच असतो, तो इथे आणा. अभ्यंगस्नानाला घर पहाटे उठतंच, आधी पाच किलोमीटर मारून यायला कुणाची हरकत नसते. चकल्या-करंज्या खा. फराळानं मॅरेथॉन बिघडत नाही, फराळाच्या पश्चात्तापात लागोपाठ तीन दिवस जोरात पळण्यानं बिघडते. चार-पाच दिवस बुडाले तर बुडाले. तेवढ्यात तयारी उतरत नाही. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात वसूल करायला गेलात, तर नडगी किंवा गुडघा नक्की बोलायला लागेल.

दुखण्याबद्दल एकच नियम. दुखण्यामुळे चाल बदलत असेल, लंगडल्यासारखं होत असेल, तर तिथेच थांबा आणि रिक्षा करा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर फिजिओकडे जा. “पळता पळता जाईल” म्हणणारे पुढचे दोन महिने घरी बसतात.

तीस किलोमीटरचे रविवार

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर मोठी पळणी येतात: २४, २६, मग एक हलका आठवडा, मग २८, ३०. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सगळ्यात मोठं, ३० ते ३२. हळू पळणाऱ्यांना एवढ्याला चार तासांहून जास्त लागत असतील, तर साडेतीन-पावणेचार तासांवर थांबलेलं चांगलं. त्यापुढे मोडतोड वाढते, फायदा वाढत नाही.

इथे मन खचतं ते बहुतेक पोटामुळे. गणित करून बघा. पळताना किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला सुमारे २,७०० कॅलरी. स्नायू आणि यकृतातली साठवलेली साखर मिळून फार तर २,००० कॅलरींची. चरबी मदतीला येते, पण सावकाश. साखरेचा साठा आटला की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय शिसं होतात, आणि डोकंही साखरेवरच चालत असल्यामुळे सगळं व्यर्थ वाटायला लागतं. “मी हे का करतोय” हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न अशा वेळी पडला तर आधी एक खजूर तोंडात टाका.

म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, तीही भूक लागायच्या आधी, चाळिसाव्या मिनिटापासून. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, गुळाचे खडे, राजगिऱ्याची मऊ वडी, बाजारात पुडीत मिळणारी साखरेची जेल, जे पोटाला मानवेल ते. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण पळताना दाण्याचा कण श्वासात जातो, नकोच. जे शर्यतीच्या दिवशी खायचं ते याच रविवारी खाऊन बघा. आणि आदल्या रात्री साधा वरणभात किंवा मुगाची खिचडी. मिसळीचं धाडस रविवारी परतल्यावर करा.

रस्ता असा निवडा की मध्येच सोडता येणार नाही. घराभोवतीच्या चकरांमध्ये विसाव्या किलोमीटरला स्वतःच्या इमारतीचं गेट दिसतं आणि खेळ खलास. त्यापेक्षा एका दिशेनं जा. मुंबईत बोरिवलीहून दक्षिणेला निघायचं आणि लोकलनं परत यायचं. रेल्वेच्या हिशेबानं दादरपर्यंतच २४ किलोमीटर भरतात. इतर गावांत एसटी आहे, नाहीतर १५ जाऊन १५ परत, म्हणजे अर्ध्यावरून माघार घेतली तरी घर तेवढंच लांब. खिशात शंभराची नोट, ओळखपत्र आणि चार्ज असलेला फोन असू द्या.

अंतराचे तुकडे पाडा. तीस किलोमीटरचा विचार पहिल्या दहात करायचाच नाही. पहिले दहा गप्पांचे, पुढचे दहा गाण्यांचे किंवा मोजदादीचे, शेवटचे दहा एकेका टप्प्याचे: त्या सिग्नलपर्यंत, मग त्या पेट्रोल पंपापर्यंत. एखादा लाँग रन अगदीच वाईट गेला तरी त्याच दिवशी भवितव्य ठरवू नका. वहीत लिहा, जेवा, झोपा, आणि बुधवारी परत विचार करा. मी नव्या लोकांना रविवारी दुपारी केलेले “सोडतोय” असे मेसेज उत्तर न देता ठेवून देतो. बुधवारपर्यंत बहुतेक जण स्वतःच उद्याची वेळ विचारतात.

टेपरची खाज

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करत आणायचं, यालाच टेपर म्हणतात. आता तयारी वाढत नाही, झिजलेलं भरून निघतं. आणि इतके दिवस पळायला नको वाटणाऱ्यांना नेमकं आत्ता पळावंसं वाटतं! गुडघ्यात काहीतरी टोचतंय असं वाटतं, घसा खवखवतो, सगळं विसरलो असं वाटतं. हे सगळ्यांचं होतं. मोकळ्या वेळात बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घेण्याची, राहण्याची, पहाटे स्टार्टपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था लावा आणि त्या वर्षीचा मार्गाचा नकाशा नीट बघा, कारण मार्ग बदलत असतो. शर्यत संक्रांतीच्या आसपासच येते, तिळगूळ खुशाल खा. नवे बूट मात्र घालू नका. शेवटच्या मोठ्या रविवारचेच आणा.

शर्यतीत पहिले पाच किलोमीटर इतके हळू जा की राग येईल. माणसं भराभर पुढे जातील. त्यांतले बरेच जण तिसाव्या किलोमीटरनंतर चालताना भेटतात.

मेडलनंतर

पहिले तीन-चार दिवस पळणं नाही. चाला, झोपा, नीट जेवा आणि जिना उतरताना कठडा धरा. आठवड्याभरानं वाटलं तर वीस मिनिटं, पेस न बघता. या काळात एक विचित्र रिकामपण येतं. सहा महिने दिवसाला असलेला आकार गेलेला असतो, आणि ते काही दिवस राहतं. त्या भरात पुढच्या फुलची फी भरू नका, आणि “पुन्हा कधीच नाही” असं स्टेटसही टाकू नका. दोन-तीन आठवडे थांबून वही उघडा. कोणत्या पानांवर मन खूश होतं ते बघा. लांबवरच्या रविवारांवर असेल तर फुल. चढांच्या गुरुवारांवर असेल तर साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली हाफ. छोट्या, वेगवान पळण्यांवर असेल तर दहा किलोमीटर. साताऱ्याच्याच माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांनी मुंबईची फुल भारतीय महिलांत सलग तीनदा जिंकली, मग ते अंतर सोडून तीन हजार मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) धरली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्या.